जुन्या पाण्याचं ओगराळं

मशीनच्या पडद्यावर आकडा उमटला. एक हजार एकशे चाळीस.

छ्याओलिनने नळी काढली, हलवली, पुन्हा मशीनमध्ये घातली. दोन मिनिटांनी बाराशे दहा.

"वाढतायत," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाहीच. खोलीत दुसरं होतं कोण? मोरीपाशी पातेली घासणारी लू आयझेन. आणि तिला नॅनोमीटर म्हणजे काय ते कळत असेल, असं त्या सूचौच्या विद्यापीठात कुणी धरूनच चालत नव्हतं.

तिला कळत होतं. सहा वर्षं त्या खोलीत उभं राहिल्यावर भिंतींनाही कळलं असतं. आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात यायला हवा. रेशमाच्या प्रथिनाचा कण तेवढा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा असला, तर त्याच्या पोटात कर्करोगाचं लाल औषध भरून तो शिरेत सोडता येतो. धडधाकट शिरांच्या भिंतीतून तो सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या शिरा मात्र घाईघाईत वाढलेल्या, भोकं पडलेल्या. तिथून तो पाझरतो, अंगावर चिकटवलेल्या खुणेमुळे गाठीच्या पेशी त्याला आत ओढतात, आणि आतल्या आंबटपणात तो औषध सोडतो. हजाराच्या वर गेला की तो कण कसला, गुठळीच ती. शिरेतून फुप्फुसात जाऊन अडकते आणि संपलं सगळं.

तळमजल्यावरच्या प्राणिगृहात चोवीस उंदरिणी होत्या. त्यांच्या कुशीत लावलेल्या गाठी आता वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. आज गुरुवार. फार तर पुढचा बुधवार, म्हणजे दोंगझीचा, हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाचा, आदला दिवस. त्यानंतर गाठी ठरवलेल्या मापाच्या पुढे जाणार आणि उंदरिणी प्रयोगाला निकामी ठरणार. मग नवी परवानगी, नवे उंदीर, म्हणजे वसंत उजाडला. छ्याओलिनची वाढवून मिळालेली मुदत फेब्रुवारीत संपत होती. हा शेवटचा प्रयोग झाला नाही तर पदवी नाही, आणि सहा वर्षं पाण्यात. हे असं होतं. उगाच रंगवून सांगण्यात अर्थ नाही.

"मावशी," छ्याओलिन वळून म्हणाली. हातात यादी होती. ॲसिटोन, मीठ, गाळायची नळी, नळाचं पाणी, एकेकावर काट मारलेली. "उकळणं नेहमीसारखंच ना?"

"नेहमीसारखंच," आयझेन म्हणाली.

खोटं बोलली नाही ती. घोळ तिथेच होता.

आयझेन ताइहू तळ्याच्या दक्षिणेची, झेनझेजवळच्या खेड्यातली. आई रेशमाचे किडे पाळायची. किडे पानं खात असले की घरात जोरात बोलायचं नाही, लसूण परतायची नाही, पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असल्या कडक सोवळ्यात ती वाढली. सतराव्या वर्षी रेशीम गिरणीत लागली. सत्तेचाळीस नंबरचं कुंड तिचं. गरम पाण्यात तरंगणारे कोष, त्यातून बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं, आठ कोषांची आठ टोकं एकत्र करून चाकाला द्यायची, धागा तुटायच्या आत नवा कोष टाकायचा. दिवसभर हात पाण्यात. बोटांची कातडी पांढरी, फुगलेली, दर हिवाळ्यात फुटणारी. शेजारच्या अठ्ठेचाळीस नंबरवर जिनमेइ. ती एवढी बडबडी की देखरेखीवरचा माणूस म्हणायचा, "जिनमेइ, तुझ्या जिभेचा धागा उकलला तर शांघायपर्यंत पुरेल!"

गिरणी बंद पडली तेव्हा आयझेन बत्तीस वर्षांची होती. हॉटेलात चादरी बदलल्या, शाळेत भात वाढला. मग विद्यापीठात भांडी घासायला आली, आणि तिसऱ्याच दिवशी एका विद्यार्थ्याच्या हातातली काठी तिने ओढून घेतली.

"हे काय चाललंय? शेवया शिजवतोस का?"

लॅबचे प्रमुख याओ सर दारात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून कोष उकळायचं काम तिचं.

काम ऐकायला सोपं. कोषाचा धागा म्हणजे आत रेशमाचं प्रथिन आणि बाहेरून डिंक. अळी त्या डिंकानेच कोष चिकटवते. गिरणीत डिंक जपायचा असतो, तो असतो म्हणून आठ तंतूंचा एक धागा होतो. लॅबमध्ये तो पुरता घालवायचा असतो. कातरलेले कोष धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे, पाणी फेकायचं, कोऱ्या पाण्यात सोडा घालून पुन्हा अर्धा तास, मग तीनदा खळबळून वाळवायचे. भिंतीवर कागद चिकटवलेलाच होता. बाकीचं, म्हणजे ते रेशीम विरघळवणं, त्यासाठी घातलेलं मीठ काढणं, थेंबथेंब ॲसिटोनमध्ये सोडून कण पाडणं, हे सगळं छ्याओलिन करायची.

शुक्रवारी सकाळी सरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आयझेन बाहेर ट्रॉलीवर बाटल्या लावत होती.

"डिंक राहिला असेल," याओ सर म्हणाले. "पाहिलंस?"

"सर, ते लू मावशींकडे असतं." छ्याओलिनचा आवाज रडून बसलेला. "या अख्ख्या लॅबमध्ये मी एकच गोष्ट तपासत नाही. ती ही."

"मग तुझ्या हाताचाच काहीतरी दोष."

"असेल, सर."

"उंदीर थांबणार नाहीत. सोमवारी बारीक गाळणीतून काढ. जे खाली उतरेल ते टोच."

"रक्तात गेल्यावर पुन्हा गोळा झाले तर?"

"तर कळेलच," सर म्हणाले. "दुसरा उपाय आहे तुझ्याकडे?"

आयझेनच्या हातातली बाटली ट्रॉलीवर आपटली. फुटली नाही, पण आतली दोघं गप्प झाली.

डिंक. सप्टेंबरात झेनझेचं जुनं घर पाडायला द्यायचं म्हणून ती सामान काढायला गेली होती, आणि आईचं तांब्याचं ओगराळं तेवढं पिशवीत टाकून आणलं होतं. घरी ठेवायला जागा नाही, म्हणून लॅबमध्ये, पातेल्यावर टांगलेलं. मग नोव्हेंबरात शरदातल्या कोषांचं पोतं उघडलं. हे कोष राठ, उकळले तरी कडक राहणारे. आणि गिरणीतली कुठलीही बाई सांगेल, निव्वळ कोऱ्या पाण्यात रेशीम चिडतं. रोज सकाळी कुंड भरताना कालच्या पाण्यातलं ओगराळंभर आधी घालायचं. पिकलेलं पाणी म्हणायच्या त्याला. मग धागा मऊ येतो, तुटत नाही. आयझेननेही घातलं होतं. दुसऱ्या पातेल्यात, पहिल्या पातेल्यातलं एक ओगराळं. रेशीम कसं छान मऊ आलं! ती खूशसुद्धा झाली होती.

मऊ येणारच. त्या पाण्यात डिंकच होता की!

ती आतल्या कपाटापाशी गेली. गेल्या आठवड्याचं वाळलेलं रेशीम पिशवीतून चिमूटभर काढून अंगठ्याखाली चोळलं. निखळ रेशीम कुरकुरतं, बोटाला धरून ठेवतं. हे गुळगुळीत सरकलं. डोळे मिटून सांगता आलं असतं तिला हे, पाच आठवडे आधी. हातच लावला नव्हता. कशाला लावायचा? आपणच केलेलं!

दुपारी खाणावळीत नूडल्स समोर गार होत होत्या. नवऱ्याचा, गेनशेंगचा फोन आला.

"अगं, दोंगझीच्या दारूची रांग आत्तापासून पुलापर्यंत गेलीय! दोन बाटल्या घेऊ की तीन?"

"माझी नोकरी गेली तर?"

"कोण काढतंय?"

"मीच काढून घेतेय."

"मग दोनच घेतो," गेनशेंग म्हणाला. मग जरा थांबून, "काय झालं गं?"

"घरी आल्यावर."

नोकरी जाण्याची भीती खोटी नव्हती. तयार शुद्ध रेशीम विकणारी कंपनी दर दोन महिन्यांनी सरांकडे माणूस पाठवायची, आणि आयझेनचा करार जानेवारीत संपत होता. गप्प राहिलं तर काय होईल? सोमवारी उंदीर मरतील. छ्याओलिन आपल्या हाताला दोष देत गावी परत जाईल. लू मावशी पातेली घासत राहील.

जिनमेइला कर्करोगात तेच लाल औषध दिलं होतं, सुटं, सरळ शिरेतून. आयझेन तिच्या उशाशी बसायची. ओकून ओकून जीभ एवढी जड झाली होती की ती जिनमेइ, शांघायपर्यंत बोलणारी, खुणेने पाणी मागायची. शेवटी गाठीने नाही, हृदयाने दगा दिला. औषधानेच पोखरलं होतं ते.

आयझेनने नूडल्स तशाच ठेवल्या आणि जिना चढली.

छ्याओलिन गाळण्या मोजून ठेवत होती. आयझेनने ओगराळं खुंटीवरून काढलं आणि तिच्या समोर टेबलावर ठेवलं.

"हे माझं काम आहे."

"काय, मावशी?"

"दुसऱ्या पाण्यात मी जुनं पाणी घालत होते. मऊ यावं म्हणून. गिरणीत घालायचो. डिंक राहिलाय तुझ्या रेशमात."

छ्याओलिन ओगराळ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं ते भलतंच.

"किती?"

"एक ओगराळं."

"एक ओगराळं म्हणजे किती मिली?"

"मला काय ठाऊक? ओगराळं म्हणजे ओगराळं!"

छ्याओलिनने ते नळाखाली भरलं, मापाच्या भांड्यात ओतलं. एकशे नव्वद. वहीत लिहिलं. आणि मग पेन आपटलं.

"पाच आठवडे, मावशी! पाच आठवडे मी माझेच हात धुतेय! रात्र रात्र विचार करतेय, मी काय चुकतेय, मी काय चुकतेय... मी विचारलं होतं तुम्हाला! काल विचारलं!"

"विचारलंस."

"आणि तुम्ही म्हणालात नेहमीसारखंच!"

"माझं नेहमीचं तेच होतं गं, पोरी."

याओ सरांना बोलावलं. ते ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात विचारलं, "आयझेनबाई, जूनमधल्या रेशमात घातलं होतं का?"

छ्याओलिनचा चेहरा उतरला. जूनमधल्या कणांवर तिचा प्रबंधाचा पहिला अर्धा भाग उभा होता. तो छापूनही झाला होता.

"नाही," आयझेन म्हणाली.

"घाई नको. विचार करून सांगा. तुम्हाला आज आठवतंय की तसं असावं असं वाटतंय?"

माणूस कोरडा, पण प्रश्न बरोबर होता. आयझेनने डोळे मिटले. जून. वसंतातले कोष, पांढरेशुभ्र, नरम. खिडकी उघडी. पातेलं...

"तेव्हा पातेलं एकच होतं," ती म्हणाली. "दुसरं सप्टेंबरात आलं. जुनं पाणी ओतल्याशिवाय नवं भरताच येत नव्हतं."

"बाजूला काढून ठेवलं असेल. वाटीत, बादलीत."

"नव्हतं काढलं, सर. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. आज तरी नको."

जूनच्या रेशमाचा नमुना कपाटात होता. सरांनी तपासणीचा रंग कपाटातून काढायला सांगितला: निखळ रेशीम त्यात पिवळं होतं, डिंक असेल तिथे लाल. दोन काचेच्या बशा. एकीत जूनचं, दुसरीत मागच्या आठवड्याचं. दहा मिनिटं रंगात, मग धुवायचं. तिघंही उभी. सर घड्याळाकडे बघत, छ्याओलिन बशीकडे, आणि आयझेन आपल्या हातांकडे. जिनमेइ असती तर अशा वेळी काहीतरी वाह्यात बोलली असती, आणि आज ते हवं होतं.

छ्याओलिनने चिमट्याने पहिला झुपका धुतला. धुतलेलं पाणी लालसर उतरत होतं, उतरत होतं. मग स्वच्छ झालं. झुपका पिवळा, सोनचाफ्यासारखा.

दुसरा धुतला. कितीही पाणी ओतलं तरी लाल तो लालच.

छ्याओलिन मटकन स्टुलावर बसली. "पहिला भाग वाचला," ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. सर उठले. "रड नंतर. आज शुक्रवार. बुधवारपर्यंत होतं का ते बघ." दारातून वळून म्हणाले, "आयझेनबाई, उकळा. आत्ता. तुमच्या कराराचं मी नंतर बघतो."

तिने कोष कातरले. सोडा तोलला. पहिलं पाणी उकळलं, अर्धा तास झाला, आणि तो फिकट पिवळा रस्सा, वाफाळणारा, जरासा चिकट, मोरीत ओतायची वेळ आली. हात अडखळला. गिरणीतली जुनी सवय पुन्हा हातात मुरली होती, भाताचं भरलं पातेलं उकिरड्यावर ओतावं तसं वाटत होतं. छ्याओलिन शेजारी घड्याळ घेऊन उभी होती. आजवर ती कधी उभी राहिली नव्हती. आयझेनला बोललेलं एवढं लागलं नव्हतं, जेवढं हे तिचं बघत उभं राहणं लागलं.

"सगळं?" तिने उगाच विचारलं.

"थेंब न ठेवता, मावशी."

ओतलं. पातेलं घासलं, तीनदा. कोरं पाणी, कोरा सोडा. रेशीम राठ आलं, बोटांत कुरकुरलं. आयझेनने झुपका छ्याओलिनच्या कानाशी धरून चोळला.

"ऐक. असं बोललं पाहिजे ते. आता तूही तपासत जा."

शनिवारी रेशीम विरघळलं. मीठ निघायला तीन दिवस गेले, दर सहा तासांनी पाणी बदलत. दिवसातलं आयझेनने बदललं, आणि दर वेळी छ्याओलिनने वहीत वेळ लिहून तिची सही घेतली. सोमवारी प्राणिगृहातून निरोप आला: एका उंदरिणीची गाठ मापाच्या पुढे गेली, काढून टाकली. तेवीस राहिल्या. मंगळवारी आणखी दोघी अगदी काठावर.

"उद्या सकाळी नको?" प्राणिगृहाच्या माणसाने फोनवर विचारलं. "दुपारी सगळे दोंगझीला लवकर घरी जातात."

"तुम्ही जा," छ्याओलिन म्हणाली. "चावी माझ्याकडे ठेवा."

बुधवारी अकरा वाजता कण तयार झाले. द्रावणात रात्रभर औषध मुरलेलं, डाळिंबाच्या रसासारखं लाल. छ्याओलिनने नळी मशीनमध्ये घातली, झाकण लावलं आणि पडद्याकडे पाठ केली.

"मावशी, तुम्ही वाचा."

"मी? मला चष्मा नाही."

"तुमच्या डोक्यावर आहे."

चष्मा खाली ओढून आयझेनने वाचलं. एकदा स्वतःशी. मग मोठ्याने. "एकशे सव्वीस."

"पुन्हा लावते."

एकशे चोवीस. तिसऱ्यांदा एकशे सव्वीस. छ्याओलिन हसली नाही. तिने द्रावण बर्फात ठेवलं आणि जवळजवळ पळतच खाली गेली. आकडा बरोबर आला म्हणजे सगळं झालं असं नाही. शिरेत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं. गुठळी होणार असेल तर तेवढ्यात उंदीर धापा टाकून आडवा होतो.

प्राणिगृहात आयझेनला जायला परवानगी नव्हती. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. इमारत रिकामी होत होती. लोक मटणाचे, दारूचे बेत बोलत जात होते. कोणी म्हणालं, "लू मावशी, घरी नाही जायचं? आज अख्खं सूचौ लवकर घरी!" ती हो म्हणाली आणि बसून राहिली. एक तास. सव्वा. हात नकळत एकमेकांवर चोळत होती, जसं रेशीम चोळतात.

दार उघडलं. छ्याओलिनने तोंडावरचा मास्क खाली ओढला. कपाळावर टोपीचा वळ.

"तेवीस," ती म्हणाली.

"काय तेवीस? नीट बोल बाई!"

"तेवीसच्या तेवीस. दाणे खातायत, मावशी. शेवटची तर माझ्या बोटाला चावली."

आयझेन गुडघा धरत बाकावरून उठली.

गाठी लहान होतील का, ते तीन आठवड्यांनी कळणार होतं. आणि उंदराला लागू पडलं ते माणसाला पडतंच असं नाही. किती वर्षं, किती लोक, किती पैसा. जिनमेइच्या कामाचं तर ते कधीच नव्हतं. पण प्रयोग झाला होता, आणि निखळ झाला होता.

वर लॅबमध्ये भिंतीवर नवा कागद होता. सरांच्या अक्षरात. जुनाच मजकूर, खाली एक ओळ जास्त: दुसरं पाणी पूर्ण कोरं, रेशीम दोघींनी चोळून पाहावं, दोघींनी सही करावी. दोन रकाने आखलेले, अख्ख्या पुढच्या वर्षाचे. आयझेनने तारखा खाली खाली वाचल्या. मार्च. जून. नोव्हेंबर.

"म्हणजे माझा करार?" तिने विचारलं.

"सर बोलले नाहीत," छ्याओलिन म्हणाली. "पण रकाने दोन आखलेत."

आयझेनने पहिल्या ओळीवर सही केली. मग खुंटीवरचं ओगराळं काढून पिशवीत टाकलं.

"हे कुठे?"

"घरी. तीनदा घासून घेईन. आज मटणाचा रस्सा आहे आणि गेनशेंगने दोनच बाटल्या आणल्यात. तू येतेयस का? चल. पण वाढताना मापू नकोस."

"एकशे नव्वद," छ्याओलिन म्हणाली आणि कोट घालायला लागली.